गाईड निवृत्त झाले, आई अंथरुणावर आहे आणि प्रबंध अडला आहे

प्रश्न: मी इंदूरला सुदामानगरात आईबरोबर राहते. वय ३१, अविवाहित आहे. होळकर संस्थानातील एकोणिसाव्या शतकातील शिक्षणाच्या कारभारावर इतिहास विषयात पीएच.डी. करते आहे. नोंदणी २०२३ ची असून नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ ही संशोधन फेलोशिप चालू आहे. गेल्या वर्षी माझे गाईड निवृत्त झाले. मोडी कागद तेच माझ्याबरोबर बसून वाचत असत. नव्या मॅडमचा विषय वेगळा आहे आणि त्यांना मराठी येत नाही. त्यातच आईला अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ बंगळूरला असतो, कधीमधी पैसे पाठवतो आणि फोनवर फक्त "थीसिस कुठवर आली?" असे विचारतो. चार महिने मी विभागात गेलेली नाही, मॅडमचे फोनही उचललेले नाहीत. रात्री झोप लागत नाही. नातेवाईक म्हणतात, आता पुरे कर. कधीकधी वाटते, सगळेच सोडून द्यावे. माझ्या पाठीशी कोणीच नाही. आधार कोणाकडे मागावा?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

"सगळेच सोडून द्यावे" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात तुम्हाला पीएच.डी. अभिप्रेत असेल तर त्याविषयी पुढे सविस्तर लिहिते; परंतु त्यात जगणेही येत असेल, अगदी पुसट विचार म्हणून येत असेल, तरी प्रबंधाचा विषय आज बाजूला ठेवा आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती चोवीस तास उपलब्ध असते, तिला पैसे पडत नाहीत आणि तेथे हिंदीप्रमाणे मराठीतही बोलता येते. तसा विचार मनात नसला, तरी इतके दिवस झोप नसणे आणि ओळखीचे फोनही न उचलवणे एवढ्या कारणावरून डॉक्टरांना दाखवणे योग्य ठरेल. आईच्या तपासणीसाठी तुम्ही रुग्णालयात जातच असाल. पुढच्या खेपेस स्वतःच्याही नावाची चिठ्ठी काढा.

आता आधाराविषयी. तुमच्या पत्रात हा शब्द एकदाच येतो, पण त्यात निदान चार गरजा एकत्र बांधलेल्या मला दिसतात. कागद वाचण्यासाठी जाणकार हवा आहे, विद्यापीठाकडून मुदतीविषयी निश्चिंती हवी आहे, आईपाशी कोणीतरी बसायला हवे आहे आणि मन मोकळे करायला माणूस हवे आहे. पूर्वीचे सर यांतल्या दोन-तीन गोष्टी एकटे पुरवीत होते, म्हणून ते निवृत्त झाल्यावर सर्वच गेले असे तुम्हाला वाटते. तसा दुसरा माणूस शोधत बसू नका, तो बहुधा मिळणार नाही. शिवाय यातला काही भाग तुम्ही उपकार म्हणून मागायला संकोचत आहात आणि तो तुम्हाला नियमानेच मिळतो.

तुमची नोंदणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांखालची आहे. त्या नियमांनुसार प्रवेशापासून सहा वर्षांपर्यंत मुदत असते, पुनर्नोंदणी करून ती आणखी दोन वर्षे वाढवता येते आणि स्त्री संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. एकूण मर्यादा दहा वर्षांची आहे. तेव्हा नातेवाईकांच्या हिशेबाने तुम्हाला कितीही उशीर झालेला असो, विद्यापीठाच्या हिशेबाने झालेला नाही. खरे घड्याळ फेलोशिपचे आहे, कारण जेआरएफ आणि तिचा पुढचा टप्पा एसआरएफ मिळून ती पाच वर्षेच चालते. ती कोणत्या महिन्यात संपते हे कार्यालयातून लेखी विचारून घ्या, म्हणजे रात्री अंथरुणात पडून हिशेब करावे लागणार नाहीत.

त्याच नियमांत तुमच्या सरांविषयीही तरतूद आहे. निवृत्तीपूर्वी नोंदलेल्या विद्यार्थ्याचे को-गाईड म्हणून निवृत्त प्राध्यापक वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत काम पाहू शकतात. ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नाही याचे मला फारसे आश्चर्य वाटत नाही. विभागांत अशा गोष्टी विचारल्याशिवाय कळत नाहीत. सरांना फोन करा, त्यांची तयारी असेल तर मॅडमच्या संमतीने रीतसर अर्ज द्या. सर नाही म्हणाले, तर तेवढ्यापुरते वाईट वाटेल, पण निदान वाट पाहणे संपेल.

मॅडमचे फोन न उचलणे मात्र मला चुकीचे वाटते, आणि ते मी स्पष्टच लिहिते. तुमच्या पत्रावरून त्या दुष्ट वाटत नाहीत; विषय परका असताना त्यांनी फोन केले, म्हणजे काळजी केली. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. प्रगती समाधानकारक नसेल तर समिती कारणे नोंदवून सुधारणा सुचवते, आणि त्या सुधारणाही झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. म्हणजे काम थोडे झाले यापेक्षा काहीच न कळवणे अधिक धोक्याचे आहे. आज मॅडमना हिंदीत चार ओळींचा ईमेल पाठवा: आईच्या आजारामुळे चार महिने काम थांबले, वैद्यकीय कागद जोडले आहेत, अमुक आठवड्यात भेटू इच्छिते, आणि मराठी कागदपत्रांसाठी को-गाईडविषयी आपले मत हवे आहे. क्षमायाचनेचे परिच्छेद त्यात नकोत. समितीच्या बैठकीतही आईचे आजारपण टिपणात नोंदले जाईल असे पाहा, कारण पुढे मुदतवाढ मागताना तोंडी सांगितलेले कोणाला आठवत नाही. त्यानंतरही विभागाकडून अडवणूक झाली, तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल ही वाट आयोगाच्या तक्रार निवारणाविषयीच्या २०२३ च्या नियमांनी मोकळी ठेवली आहे. तुमच्या बाबतीत तेथवर जावे लागेल असे मला वाटत नाही.

मोडीचे काम एका व्यक्तीवर टांगून ठेवणे सर असतानाही बरे नव्हते. होळकर संस्थानावर काम करणाऱ्याला स्वतःला मोडी वाचता आली पाहिजे, आणि ती येते. सरावाला काही महिने लागतात इतकेच. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. पुण्यात १९१० पासून असलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदांत आयुष्य घालवलेली माणसे भेटतात. त्यांना "मदत करा" असे मोघम लिहू नका. एका कागदाचे स्वच्छ छायाचित्र पाठवा, तुम्ही लावलेले वाचन खाली लिहा आणि अडलेले शब्द अधोरेखित करा. जाणकार माणूस अशा प्रश्नाला सहसा उत्तर देतो, उलट नुसत्या विनंतीला काय उत्तर द्यावे हे त्याला कळत नाही. दुसऱ्या विद्यापीठात मराठेशाहीवर काम करणारा एखादा संशोधक सापडला, तर आठवड्यातून एकदा तासभर फोनवर दोघांनी मिळून कागद वाचावेत. मन मोकळे होण्याची सोयही पुष्कळदा अशाच ठिकाणी होते, कारण आरडीसी, म्हणजे विद्यापीठाची संशोधन पदवी समिती, हे प्रकरण काय असते ते त्याला समजावून सांगावे लागत नाही.

घरातला प्रश्न याहून अवघड आहे. आजाऱ्याच्या चौकशीला आपल्याकडे माणसे पुष्कळ येतात आणि त्यांच्यासाठी पोहे करण्याचे काम जिने विश्रांती घ्यायची तिच्याच अंगावर पडते. यापुढे जी मावशी किंवा काकू "काही लागले तर सांग" म्हणेल, तिला लगेच सांगा: मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते तीन आईपाशी बसशील का? काही जणी कारणे सांगतील. एकजण हो म्हणाली तरी आठवड्याचे आठ तास तुमचे झाले, आणि त्या आठ तासांत घरातली कामे उरकायची नाहीत, विभागात किंवा ग्रंथालयात जायचे.

भावाविषयी मी थोडी साशंक आहे. तो निष्ठुर असेलच असे नाही. पैसे पाठवले म्हणजे आपला वाटा झाला, अशी त्याने समजूत करून घेतली असावी आणि तुम्ही ती मोडलेली नाही. त्याच्याशी प्रबंधाविषयी वाद घालू नका. आधी इंदुरात दिवसा येणाऱ्या अटेंडंट बाईचा आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा महिन्याचा दर दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या, तो आकडा त्याच्यासमोर ठेवा आणि दरमहा कोणत्या तारखेला रक्कम येईल ते ठरवून घ्या. आणखी एक गोष्ट मागा: समितीच्या बैठकीचा आठवडा त्याने इंदुरात येऊन आईपाशी काढावा. बैठकीची तारीख कळताच त्याला कळवा, म्हणजे रजेची सबब राहणार नाही.