बारीक झाल्याशिवाय जिमला जायची लाज वाटते, आणि घरी सुरू केलं की तीन आठवड्यांत सुटतं. काय करू?

वय ३८, उंची पाच फूट दोन, वजन ७४, दोन बाळंतपणं, आणि 'आरशासमोर उभं राहवत नाही, आधी दहा किलो उतरवते, मग जिममध्ये पाऊल टाकते' असा बेत. ताई, तुमच्या प्रश्नातला तो 'आधी' खटकला म्हणून लिहायला बसले. बायकांच्या बॅच घेणारीला हे वाक्य रोज ऐकावं लागतं, आणि ते बाईच्या डोक्यात कोणी घातलं तेही ठाऊक असतं. आमच्याच धंद्यातल्यांनी. लेडीज बॅच म्हटली की कोपऱ्यात एकेक किलोचे गुलाबी डंबेल, चाळीस मिनिटं ट्रेडमिल, शेवटी झुंबा, आणि वर 'मॅडम, वेट नंतर, आधी फॅट उतरू दे'.

घरातला भरलेला सिलिंडर घ्या. आत गॅस १४.२ किलो, रिकामी टाकी तेवढीच किंवा थोडी जास्तच, म्हणजे तीस किलोच्या आसपास. तो ओट्याखाली सरकवतं कोण? भिजलेल्या चादरींची बादली, दळणाचा डबा, झोपलेलं चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन तीन मजले, हे सगळं चालतं. पाच किलोचा डंबेल मात्र बाईला झेपत नाही, नाहीतर हात 'पुरुषी' होतात. मीराबाई चानूने टोकियोला ४९ किलो वजनगटात क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे वजन आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, ११५ किलो उचलले. तिचे दंड बघा आणि सांगा कुठे पुरुषी दिसतात. स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन बाईच्या रक्तात सरासरी पुरुषाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. आठवड्यातून दोनदा वजन उचलून कोणी पैलवान होत नाही. पैलवान व्हायला वर्षानुवर्षं घासावं लागतं, खुराक लागतो.

आता काट्याबद्दल. तुमचा तिसरा आठवडा तिथेच अडकतो, इच्छाशक्तीला उगाच दोष देऊ नका. वजन एका दिवसात किलो-दीड किलो सहज हलतं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण, पापड-लोणचं झालं, मीठ जास्त गेलं, की अंगात पाणी थांबतं. पाळीच्या आधी थांबतं ते वेगळंच. भात-पोळी बंद केली की चार दिवसांत दोन किलो 'उतरतात', तेही बहुतेक पाणीच. शरीर पिठूळ खाण्याचा जो साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, त्याच्या दर ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं, आणि गणपतीत मोदक खाल्ले की दोन्ही परत येतात. बाई समजते, एका मोदकाने घात केला.

व्यायाम नवीन असताना याच्या उलट होतं. मांड्या भरून येतात, दुखावलेले स्नायू पाणी धरतात, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा अर्धा-एक किलो वर जातो. इतकी मेहनत करून वजन वाढलं म्हटल्यावर कोण पुढे जाईल? काटा तीन महिने माळ्यावर टाका.

मोजायचंच तर शिंप्याची टेप घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी. बेंबीवरून मोजू नका, पोट ओघळलं की बेंबीही खाली जाते आणि दर वेळी वेगळी जागा मोजली जाते. कुशीत बोट दाबून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेचं हाड शोधा, त्यांच्या मधोमध टेप धरा. टेप मागे चढत नाही ना हे आरशात बघा. (आरसा एवढ्याच कामाला वापरा सध्या.) श्वास नेहमीसारखा सोडून झाला की आकडा वाचा, पोट आत ओढू नका. दोनदा मोजा, सेंटिमीटरभर फरक आला तर तिसऱ्यांदा. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर ही सावधानतेची रेघ मानतात. त्याच्या वर असलात म्हणून घाबरायचं कारण नाही, दोन-तीन महिन्यांत आकडा खाली सरकतोय का तेवढं बघायचं. टेप नको वाटली तर परकराच्या नाडीवर जिथे गाठ बसते तिथे पेनाने खूण करा. आणि घरात दिवसभर गाऊन घालत असाल तर काही तास पंजाबी ड्रेस घाला. गाऊनमध्ये अंग वाढलेलंही कळत नाही आणि उतरलेलंही.

तीन आठवड्यांत सुटण्याचं दुसरं कारण, सोमवारपासून रोज तासभर हा संकल्प. अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दुखतं, तेव्हाच पुन्हा व्यायाम, मग मुलाला ताप, मग पाहुणे, संपलं. आठवड्यातून दोन दिवस, वार ठरलेले, पंचवीस मिनिटं, मुलांची स्कूलबस गेल्या गेल्या. एकदा पसारा आवरायला घेतलात की तो वेळ गेला. अगदीच अडलं तर सहा मिनिटांत प्रत्येक व्यायामाचा एकेक सेट (न थांबता केलेली एक फेरी) करा, पण वार चुकवू नका. उरलेल्या दिवशी चाला, हवं तेवढं. चालण्याशी माझं भांडण नाही, 'बायकांना चालणंच पुरे' म्हणणाऱ्यांशी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारख्या व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

सुरुवात खुर्चीपासून. जेवणाच्या टेबलाची साधारण अठरा इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, प्लास्टिकची नको, ती सरकते. पाय खांद्याएवढे फाकवून तीन आकडे मोजत खाली बसा, टेकल्या टेकल्या उठा. दहा वेळा, दोन सेट. उठताना गुडघे आत वळतात ही बहुतेक सगळ्यांची चूक, कुल्ल्याचे स्नायू कमजोर असतात म्हणून. गुडघे पायाच्या मधल्या बोटाच्या दिशेने ढकला. टाचा उचलल्या जात असतील तर पाऊल थोडं पुढे घ्या. धप्पकन बसत असाल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा आणि उंची हळूहळू कमी करा. बारा-बाराचे तीन सेट सहज जमले की दप्तरात पाच किलो तांदूळ भरून छातीशी धरा.

मग ओट्याला हात टेकून पुश-अप. ओटा कोरडा पुसून घ्या. अंग डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ, कोपरं बगलेपासून फार लांब नाहीत. ओट्यावर बारा जमले की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. एक हात पलंगावर टेकून वाकायचं आणि दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढायचा, हा पाठीसाठी. शेवटी वाकून उचलणं: भिंतीकडे पाठ, वीतभर अंतर, गुडघे किंचित सैल, आणि कुल्ला मागे नेत भिंतीला लावायचा. कण्याची कमान न करता हे जमलं की हातात वजन घ्या. बादली उचलताना कमरेत जी चमक भरते ती हीच हालचाल चुकल्यामुळे. जोर लावताना श्वास सोडा, रोखून धरू नका.

वजन किती? दहा-बारा वेळा उचलल्यावर 'अजून दोनच जमतील' असं वाटावं, एवढं. पंधरा सहज होत असतील तर हलकं आहे. घरासाठी तीन आणि पाच किलोची जोडी पुरते. एका वहीत तारीख, वजन, किती वेळा, एवढंच लिहा. तीन महिन्यांपूर्वी उशी लागत होती आणि आज दहा किलो तांदूळ धरून उठते, हे वहीत दिसलं की अंगाकडे बघण्याची नजर बदलते. आत्मविश्वासावर मला एवढंच माहीत आहे.

उड्या मारताना, शिंकताना लघवी निसटत असेल तर उड्या बंद करा. पॅड लावून झुंबा रेटायचा नाही. लघवी अडवतो तसे स्नायू पाच आकडे आवळा, पाच सोडा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला तर यातली फिजिओथेरपिस्ट गाठा. झोपून मान उचलताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येत असेल तर तूर्तास सिट-अप्स नकोत.

खाण्यावर फार बोलत नाही, तुम्ही विचारलंही नाहीत. फक्त प्रथिनं मोजा. वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम असा आपल्याकडचा आकडा आहे, तुमच्यासाठी साठेक ग्रॅम. वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा, पोळीत तीन, अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. सर्वांच्या मागून उरलंसुरलं जेवणाऱ्या बाईच्या ताटात साठ भरत नाहीत. नाश्त्याला पोहे खुशाल खा, सोबत दोन उकडलेली अंडी किंवा मटकीची उसळ घ्या.

हे आधी सांगायला हवं होतं: सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब बघून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन नऊ असताना दम लागतो, आणि बाई स्वतःला आळशी समजते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. छातीत दुखलं, गुडघा सुजला तर थांबा. जेवल्यावर ओकून टाकावंसं वाटणं, दिवसभर आकडेच डोक्यात फिरणं, असं काही असेल तर व्यायामाआधी डॉक्टर.

जिमला जायचंच असेल तर दुपारी अकरा ते चार जा, बहुतेक ठिकाणी तेव्हा सामसूम असते. आत स्पोर्ट्स ब्रा हवी. छातीखालचा पट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल असावा. हात वर केल्यावर पट्टा चढला तर माप मोठं आहे, आधार पट्ट्यानेच मिळतो, खांद्यावरच्या बंदांनी नाही. आणि फी भरण्याआधी ट्रेनरला विचारा, पहिल्या महिन्यात मला काय काय उचलायला देणार. उत्तरात ट्रेडमिलच आली तर पैसे पर्समध्येच राहू द्या, तेवढ्यात दोन जोड्या डंबेल येतात.