विदर्भातल्या जत्रांमध्ये चालवायला लहान मुलांची झुकझुक गाडी हवी आहे. घरचाच धंदा. कुठे मिळेल?

आकाशपाळणेवाल्यांकडून जुनी, रुळांवरची, एक इंजिन-तीन डब्यांची बॅटरी गाडी घ्या. महाशिवरात्रीची मार्कंडा आणि चैत्रातली चंद्रपूरची महाकाली यात्रा आटोपली की विचारा. पावसाळ्यात माल झाकून ठेवण्यापेक्षा विकलेला बरा, म्हणून तेव्हा भाव उतरतो. नवी गाडी इंडियामार्टवर दिसेल, पण दर जीएसटी आणि गावापर्यंतचं भाडं धरूनच मागा. जुनीचा रंग पाहू नका, चाकाची आतली कड पाहा. ती झिजून पातळ झाली असेल तर गाडी वळणावर रूळ सोडणारच. डबे भरून चालवायला लावा. रिकामी कोणतीही पळते! ४८ व्होल्टची असेल तर १२ च्या चारही बॅटऱ्या चालत्या गाडीत वेगवेगळ्या मोजा. एखादी १०.५ च्या खाली गेली तर ती बदलण्याचे पैसे भावातून कापा, कारण एकीमुळे चारही बसतात. मात्र काळ्या मातीवर रूळ थेट टाकू नका. एका सरीत सांधा खचतो. आधी मुरूम दाबा, मग लाकडी ठोकळे, वर रूळ, आणि लेव्हल रोज सकाळी तपासा. ग्रामपंचायत आणि पोलिसांची परवानगी जत्रेगणिक वेगळी घ्यावी लागते.