दुरुस्ती परवडेल, पॉलिसीचा हप्ता परवडणार नाही

प्रश्न : मी चौदा महिन्यांपूर्वी २०२० सालचा बीएस-६ डिझेल पिकअप ७ लाखांना घेतला. १ लाख रोख दिले आणि ६ लाखांचे कर्ज ४ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दराने घेतले. हप्ता १७,५०० रुपये आहे. गाडी मीच चालवतो, वीटभट्टीवरून जवळच्या बांधकामांवर माल टाकतो, कधी कधी दीड टनांच्या गाडीत अडीच टनही भरतो. महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर होतात. भाडे ७८ हजार, डिझेल २९ हजार, टोल-हमाली ६ हजार. कर्जाचा हप्ता जाऊन २५,५०० उरतात. घरखर्च १५ हजार. कर्ज करून देणाऱ्या एजंटाने काढलेल्या पॉलिसीसाठी (दहा वर्षे हप्ता, विसाव्या वर्षी १५ लाख) महिना ६ हजार बाजूला ठेवतो. आता गाडी चढावर दम सोडते आणि डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा विझत नाही. गॅरेजने १.४० लाखांचा अंदाज दिला आहे : चार इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) ५६ हजार, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा) ३८ हजार, क्लचसेट १६ हजार, डीपीएफ साफ करणे १२ हजार, मजुरी-ऑइल वगैरे १८ हजार. फुल इन्शुरन्समधून काही मिळेल का? दुरुस्ती करावी, की आहे तशी पावणेचार लाखांना विकून टॉप-अप (चालू कर्जावर वाढवून मिळणाऱ्या) कर्जावर नवीन गाडी घ्यावी? बँकेत ६० हजारांची ठेव आहे. गेल्या वर्षी विमा आणि टायरसाठी पत्नीचे दागिने ठेवून घेतलेले ३५ हजार फेडायचे आहेत. वय ३६, दोन मुले.

उत्तर : विम्यातून काहीही मिळणार नाही. ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो तो अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी असतो. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यातून स्पष्टपणे वगळलेले असतात. गाडी विकण्याचा विचारही आज सोडून द्यावा, कारण चौदा हप्ते भरूनही आपल्या डोक्यावर सुमारे ४.६५ लाख मुद्दल शिल्लक आहे आणि गाडीचे येणार पावणेचार लाख. म्हणजे गाडी देऊन वर ९० हजार भरायचे आणि मग नव्या गाडीचे आणखी मोठे कर्ज काढायचे. दुरुस्तीच करावी, पण १.४० लाखांची नव्हे.

गॅरेजचा हा अंदाज म्हणजे तपासणी न करता सगळेच बदलण्याची तयारी आहे. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळते अशा इंजिनात, चारही इंजेक्टर एकाच वेळी सारखेच खराब झालेले क्वचितच आढळतात. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्नची नळी काढून बाटलीत किती डिझेल परत येते ते पाहिले की दोषी कोण ते कळते, आणि ही तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी. ऑइलची पट्टी काढून पाहावी : पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डीपीएफ स्वतःला साफ करण्याच्या प्रयत्नात वारंवार जादा डिझेल मारतो आहे, किंवा इंजेक्टर गळतो आहे. तसे पातळ झालेले ऑइल टर्बोचे बेअरिंग खाते. आपल्या फेऱ्या जवळच्या, त्यातच माल उतरेपर्यंत इंजिन चालू राहत असेल. काजळी जळण्याएवढी उष्णता एक्झॉस्टला मिळतच नाही. त्यामुळे आधी इंजेक्टर, मग डीपीएफ आणि सर्वांत शेवटी टर्बो असा क्रम ठेवावा. टर्बोच्या दांड्याला खेळ (ढिलेपणा) नसेल आणि नळीत ऑइल साचलेले नसेल तर तो बदलू नये. दोनच इंजेक्टर निघाले आणि टर्बो वाचला, तर बिल ७५ हजारांच्या आसपास येईल. नवीन इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरने ईसीएममध्ये (इंजिनच्या संगणकात) भरला का, हे विचारावे आणि जुने भाग परत मागावेत. ‘डीपीएफ काढूनच टाकू, स्वस्तात होईल’ असा सल्ला कोणी दिला, तर तो बेकायदेशीर आहे आणि फिटनेसच्या वेळी अंगाशी येईल.

आता आपण न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. आपल्या पत्रातले २५,५०० रुपये शिल्लक नाहीतच. टायरचा संच ५० हजार किलोमीटर चालतो असे धरले तरी महिन्याला सव्वादोन हजार, सर्व्हिसिंगचे अडीच हजार, वर्षाचा विमा ३६ हजार धरून ३ हजार, कर-फिटनेस-पीयूसीचे सहाशे, आणि सहा वर्षे जुन्या डिझेल गाडीच्या मोठ्या कामांसाठी किलोमीटरमागे किमान दीड रुपया, म्हणजे सव्वापाच हजार. बेरीज साडेतेरा हजार होते. खरी कमाई उरली १२ हजार, किलोमीटरमागे जेमतेम साडेतीन रुपये. आणि त्यातून आपण १५ हजारांचे घर व ६ हजारांची पॉलिसी चालवत आहात. महिन्याला ९ हजारांची तूट आहे. चौदा महिन्यांत ती सव्वा लाखावर जाते, जवळपास गॅरेजच्या अंदाजाएवढी. दागिने गहाण पडले ते काही आकस्मिक संकट नव्हते. विमा आणि टायर दोन्ही येणारच होते.

या हिशेबात आधी काय कापायचे, हे उघड आहे. पॉलिसीचा हप्ता वर्षाला ७२ हजार, दहा वर्षे भरायचा, विसाव्या वर्षी १५ लाख. एजंटाने याला ‘दुप्पट’ म्हटले असेल. हा परतावा वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. दुसरीकडे ‘१० टक्के फ्लॅट’ हे कर्ज घटत्या शिलकीवर मोजले तर सुमारे साडेसतरा टक्क्यांचे आहे, कारण मुद्दल फेडत गेलो तरी व्याज पूर्ण ६ लाखांवरच लावलेले असते. साडेसतराने पैसे उचलून पावणेपाचने ठेवण्याची ही योजना कोणीही शुद्धीत असताना स्वतःहून निवडणार नाही. संरक्षण म्हणून पाहावे, तर विमा रक्कम साधारण हप्त्याच्या दहापट, ७ लाख २० हजार. आज आपल्याला काही झाले तर त्यातले सुमारे ४.६५ लाख कर्जच नेईल. प्रकृती आणि उत्पन्नाचे कागद ठीक असतील, तर आपल्या वयाला ५० लाखांचा निव्वळ मुदत विमा वर्षाला अंदाजे ८ ते १० हजारांत मिळायला हवा.

आपण आतापर्यंत दोन हप्ते, १.४४ लाख भरले असतील; तिसरा भरू नये. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली. मात्र १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष संपल्यावर समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. ते कंपनीकडून लेखी मागवावे. मोठा तोटा दिसेल. तो सोसावा. कर्ज मंजूर होण्यासाठी ही पॉलिसी घ्यावीच लागेल असे एजंटाने सांगितले असेल आणि त्याचे मेसेज अजून फोनमध्ये असतील, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, समाधान न झाल्यास विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर आणि नंतर विमा लोकपालाकडे जावे, लोकपालाकडे शुल्क लागत नाही.

पैशांची जुळणी अशी करावी : बँकेतली ठेव मोडून आणि जवळची रोकड घालून तपासणी, इंजेक्टर, डीपीएफ व क्लचचे काम उरकावे, समर्पण मूल्य आले की त्यातून दागिने सोडवावेत आणि टर्बो लागलाच तर तो करावा. टॉप-अप घेऊ नये. अडीच टन भरणेही थांबवावे. जादा भारासाठी २० हजार आणि वर टनामागे २ हजार असा दंड आहेच, पण आपला क्लच आणि पाटे त्याआधीच त्याची किंमत मोजत आहेत.

पॉलिसी बंद केली तरी ३ हजारांची तूट राहते, आणि भार कमी केल्यावर ती थोडी वाढेल. म्हणून भट्टीवाल्यांशी भाड्याबद्दल बोलणे टाळता येणार नाही. आज आपल्याला किलोमीटरमागे सुमारे २२ रुपये मिळतात. त्यात दीड रुपया वाढला तर महिन्याला सव्वापाच हजार येतात आणि मुदत विम्याचा हप्ताही त्यात बसतो. वाढ मिळाली नाही, तर गाडी दुरुस्त झाल्यावर, चालत्या स्थितीत, तिला काय भाव येतो तो विचारावा. तो उरलेल्या कर्जाच्या वर असेल तर तेव्हा विकण्याचा प्रश्न पुन्हा काढता येईल.