निमंत्रितांच्या रांगा आधी उठवा

प्रश्न : आमचं सांगलीतलं संगीत मंडळ दर महिन्याला शास्त्रीय गायन-वादनाची बैठक घेतं. कलाकार चांगले असतात, प्रवेश मोफत असतो, पण समोर सगळे साठीच्या पुढचे. तरुण मुलं यावीत म्हणून पूर्वार्धात फ्यूजन बँड ठेवावा, असं समितीत घाटतंय. तुमचं मत काय?
– एक कार्यकर्ता, सांगली

उत्तर : बँड ठेवलात तर मुलं येतील, बँड ऐकतील आणि मध्यंतरात वडापाव खाऊन घरी जातील. त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

मी वर्षानुवर्षं गायकांच्या मागे तानपुरा घेऊन बसते. तिथून सभागृह फार छान दिसतं. पुढच्या दोन रांगांवर ‘निमंत्रित’ अशा चिठ्ठ्या, त्या रांगा ओस, आणि गाणं शिकणारी चार पोरं पार मागे भिंतीला टेकलेली. त्यातला एखादा विलंबितात, म्हणजे संथ लयीत गाणं चालू असताना, उठला की पाच माना वळतात. तो पुन्हा कशाला येईल? चिठ्ठ्या काढा. स्टेजच्या पुढ्यात गाद्या घाला आणि तिथे पंचविशीच्या आतल्यांनाच बसवा. गायकानं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तबलजीकडे टाकलेली नजर तिथूनच दिसते. ज्येष्ठांच्या खुर्च्या मात्र तशाच राहू द्यात, गुडघ्यांचा प्रश्न आहे.

आणि मध्येच उठायची मुभा द्या. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब 1937 मध्ये गेले, तरी ती परंपरा चालू आहे. लोक येतात, टेकतात, निघून जातात. गाण्याचं काही बिघडत नाही.

तुमच्या पत्रिकेवर सहाची वेळ असणार. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत. गायकाचा पहिला सा लागेपर्यंत सात. त्यापेक्षा तो वेळ तानपुरा लावण्याला द्या, सगळ्यांदेखत. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली, जवारीचा दोरा असतो. तो केसभर सरकवला की मघापर्यंत बद्द वाजणारी तार एकदम बोलू लागते. हे बघताना मुलं मोबाईल खाली ठेवतात, मी पाहिलंय. मिरज तुमच्या दाराशी आहे. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या एखाद्या कारागिराला तानपुऱ्याच्या भोपळ्यासकट बोलवा. त्यांना मानधन द्या, नुसता नारळ नको.

‘आजकालच्या मुलांना राग लांबट वाटतो’ हे वाक्य समितीत येणारच. मला ते पटत नाही. किरण सेठ यांनी 1977 मध्ये दिल्ली आयआयटीत स्पिक मॅके ही तरुणांपर्यंत शास्त्रीय संगीत नेणारी चळवळ सुरू केली, तेव्हा गाणं पातळ केलं नाही. ते विद्यार्थ्यांच्या आवारात नेलं. तुमच्याकडे वालचंद कॉलेज आहे, विलिंग्डन कॉलेज आहे, मिरजेला मेडिकल कॉलेज आहे. वसतिगृहाच्या मेसमध्ये टेबलं बाजूला सारा आणि तासाभराची बैठक करा. परीक्षांचे दिवस तेवढे टाळा.

वेळेचंही बघा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहानंतर मैदानात माईक लावणं अवघड झालं आणि रातभरच्या मैफली आटल्या. सगळं संध्याकाळी कोंबल्यामुळे यमन, मारवा, बिहाग अशा संध्याकाळ-रात्रीच्या रागांपलीकडे मुलांना काही भेटतच नाही. रविवारी सकाळी साडेसहाला ललित, मग तोडी असे सकाळचे राग, आणि वर पोहे-चहा असा एक प्रयोग करा. पोरं उठत नाहीत म्हणाल, तर दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड बघून या. छोट्या खोलीत माईकही नको.

राहिले बँडचे पैसे. त्यातून गावातल्या विशी-बाविशीच्या, नीट तालीम घेणाऱ्या एखाद्या मुलीला पहिली चाळीस मिनिटं द्या. तिच्या मैत्रिणी येतील, वर्गातली मुलं येतील, आणि मुख्य कलाकाराचं गाणं ऐकायला त्यातले निम्मे जरी थांबले तरी तुमचं काम झालं. फक्त तिला तबल्यावर कच्चा साथीदार देऊ नका. नवीन गायिका म्हणून साथही नवशिकी, ही काटकसर आपल्याकडे सर्रास चालते. ठेका डगमगला की तिचा खयाल मोडतो आणि लोक म्हणतात, ‘अजून तयारी नाही.’ उलट शहरातला सगळ्यात पक्का तबलजी तिच्याच वाट्याला द्या.