४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का? आणि हिच्यात एवढं विशेष काय?

नाही, मूळ नाहीये. ६४१ ने भागून बघा, बरोब्बर ६७००४१७ येतात, बाकी शून्य. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त भारी आहे, कारण ही संख्या माझी फार लाडकी आहे.

ही म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. १६४० च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या लक्षात आलं की २ ला १, २, ४, ८, १६ असे घातांक देऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात आणि पाचही मूळ निघतात, मग पुढच्याही सगळ्या मूळच असणार असं त्याला अगदी पक्कं वाटलं. पुढची म्हणजे हीच, सहावी. सिद्धता काही त्याला जमली नाही आणि १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने ६४१ शोधून काढला, अंदाज तिथेच कोसळला.

आता ६४१ वर पोचायचं कसं, खरी मजा इथे आहे. हिचं वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे, म्हणजे सरळ मार्गाने गेलात तर ६५४२ मूळ संख्यांनी भागत बसायची तयारी ठेवा. पण ऑयलरनेच सिद्ध केलंय की हिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो. अशा मूळ संख्या लिहायला घ्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम झालं!

आणि मला तर भागाकार न करता होतं ते जास्त आवडतं, कागद घेऊन करून बघाच. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, त्याला ६४१ ने भागलं तर बाकी −१ धरता येते. दोन्हीकडे चौथा घात घ्या, म्हणजे ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. आता ६४१ म्हणजे ६२५ + १६ पण आहे ना, म्हणून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी −१६ लिहा, १६ म्हणजे २ चा ४ था घात, तर २ चा ३२ वा घात उणे चिन्हासकट बाकी १ देतो. म्हणजे उणे काढलं की बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. संपलं, तीन ओळीत.

६५५३७ नंतर या माळेतली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

कोड लिहून तपासणार असाल तर एक सांभाळा, ३२ बिटांच्या अनसाइन्ड इंटिजरमध्ये (म्हणजे उणे संख्या न ठेवणाऱ्या पूर्णांकाच्या टाइपमध्ये) ४२९४९६७२९५ पर्यंतच मावतं, ही तिथे टाकलीत तर गुंडाळली जाऊन चक्क १ होते, तेव्हा ६४ बिटांचा टाइप घ्या.