धरणातल्या बेटावर आठ दिवसांची कला

प्रश्न : मी एका शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या गावालगत धरणाचे पाणी चढले की एक टेकाड चहूबाजूंनी वेढले जाते आणि त्याचे लहानसे बेट होते. विद्यार्थी व गावकऱ्यांच्या मदतीने त्या बेटावर आठ दिवसांपुरती एक कलाकृती उभारावी, असा माझा विचार आहे. परंतु ‘जे काढूनच टाकायचे ते उभारायचे कशाला?’ असा प्रश्न शाळेच्या बैठकीत निघाला. त्यावर काय सांगावे आणि कामाला सुरुवात कोठून करावी?
– एक कलाशिक्षक, ता. माजलगाव, जि. बीड

उत्तर : बैठकीत हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरीही महालक्ष्म्यांपुढे आरास होत असेल, आणि ती तिसऱ्या दिवशी आवरली जाते म्हणून कोणी ती करण्याचे टाळत नाही. (खर्चाचा हिशेब नंतर होतो, ही गोष्ट वेगळी.) तेव्हा अल्पकाळ टिकणे हा मुख्य आक्षेप होऊ शकत नाही. अमुक एक वस्तू याच बेटावर का, ती शाळेच्या मैदानात का नको, हे विचारणे अधिक योग्य होईल, आणि त्याचे उत्तर आपल्यापाशी असायला हवे.

या प्रकारातील सर्वांत परिचित उदाहरण क्रिस्टो आणि जीन-क्लोद या दांपत्याचे आहे. त्यांनी मे १९८३ मध्ये अमेरिकेतील मायामीजवळच्या बिस्केन उपसागरात अकरा बेटांभोवती पाण्यावर तरंगणारे गुलाबी कापड पसरले. प्रत्येक बेटाच्या काठापासून ते सुमारे ६१ मीटरपर्यंत पाण्यात पोहोचत होते आणि एकूण कापड सहा लाख चौरस मीटरहून थोडे अधिक होते. हे दृश्य जेमतेम दोन आठवडे राहिले, पण त्यामागे १९८० पासूनची तयारी, परवानग्या आणि पाण्यातील जीवसृष्टीची पाहणी होती. काम सुरू करण्यापूर्वी त्या बेटांवरून सुमारे चाळीस टन कचरा उचलला गेला, ही बाब मला कापडाच्या रंगाइतकीच महत्त्वाची वाटते.

याच कलावंतांच्या संकल्पनेतून २०१६ च्या जून-जुलैमध्ये इटलीतील इझेओ सरोवरावर तरंगत्या पायवाटा झाल्या. त्या वेळी जीन-क्लोद हयात नव्हत्या. सुमारे २ लाख २० हजार प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत अडकवून, वर पिवळे कापड अंथरून, किनाऱ्यापासून मोंते इझोला या वस्तीच्या बेटापर्यंत आणि सान पाओलो या चिमुकल्या बेटाभोवती सोळा दिवस लोकांना चालता आले. एरवी बोटीनेच ये-जा करणाऱ्या बेटवासीयांना तेवढे दिवस पायी पलीकडे जाता आले, यातच त्या कामाचे सार आहे. प्रवेश विनामूल्य होता आणि खर्च कलावंताच्या रेखाटनांच्या विक्रीतून भागवला गेला. मात्र बारा लाखांच्या आसपास लोक लोटले आणि गर्दीमुळे रात्रीची वेळ बंद ठेवावी लागली. आपल्याकडे बारा लाख येणार नाहीत, परंतु एका होडीच्या बेटावर बाराशे माणसेही फार होतील. त्यामुळे कलाकृती काठावरून पाहण्यासाठीच रचावी आणि बेटावर केवळ काम करणाऱ्यांनी जावे, असे मी सुचवीन.

त्या कामांचे अनुकरण मात्र करू नये. मैलोगणती कृत्रिम कापड आपल्याला परवडणारे नाही, आणि वाऱ्याने सुटलेला तुकडा मच्छीमारांच्या जाळ्यात गुंतला तर गावात कलेविषयी कायमचे वाईट मत होईल. तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा, पांढरी माती, गेरू, चुना हे साहित्य आपल्या परिसरात मिळते, आणि कुडाच्या भिंती विणणारे हातही अजून आहेत. पण साहित्यापूर्वी जागा ऐकावी. ते टेकाड धरणापूर्वी कोणाचे शेत होते, तेथे बांध, विहीर, एखादे देवस्थान होते का, गाव कोठून कोठे हलले, हे वृद्धांना विचारावे. पाणी उतरल्यावर गाळपेर कोण करते, तेही समजून घ्यावे. भाद्रपदात बेट असलेली जागा वैशाखात काठाला जोडलेले टेकाड असते. बुडालेल्या बांधांच्या रेषेवर तुराट्यांचा कूड उभा राहिला, तर ती कलाकृती दुसऱ्या कोठेही करता येणार नाही.

ऋतूची निवड सर्वांत अवघड आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात, आणि उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या बेटांवर नदी सुरयसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. पावसाळ्यात पाण्याचा भरवसा नसतो. परतीचा पाऊस थांबल्यानंतर, थंडीचे पाहुणे मोठ्या संख्येने येण्यापूर्वीचा काळ त्यातल्या त्यात बरा, तोही स्थानिक पक्षिनिरीक्षकांनी बेट पाहिल्यानंतरच. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेथे असा विचार करणाऱ्यांनी प्रथम वन विभागाकडे जावे. आपल्या बाबतीत धरणाच्या अभियंत्यांची लेखी परवानगी, ग्रामपंचायतीची संमती आणि मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेशी बोलणे, एवढे टाळता येणार नाही. विद्यार्थ्यांना थर्माकोलच्या तराफ्यावरून नेऊ नये. जीवरक्षक जाकिटे आणि अनुभवी होडीवाला नसेल तर मुलांनी काठावरच काम करावे.

काढून टाकण्याचा आराखडा परवानगीच्या अर्जासोबतच जोडावा: कोण, कोणत्या दिवशी, किती फेऱ्यांत, आणि साहित्य कोठे जाणार. तुराट्या ज्यांच्या आणल्या त्यांच्या चुलीला परत गेल्या तर उत्तमच.

प्रश्न : अशी कलाकृती आठ दिवसांनी मोडण्याऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन कायमची मांडता येणार नाही का? सर्वांना ती पाहता येईल.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नेता येईल, परंतु मग ती वेगळी वस्तू होईल. न्यूयॉर्कच्या एका सरकारी चौकात १९८१ मध्ये शिल्पकार रिचर्ड सेरा यांची १२० फूट लांबीची पोलादी भिंत उभारली गेली. ती येण्याजाण्याच्या वाटेत येते, अशी तेथील कर्मचाऱ्यांची तक्रार होती. अन्यत्र हलवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, कलाकृती त्या जागेसाठीच असल्याने हलवणे म्हणजे नष्ट करणे होय, अशी भूमिका सेरा यांनी घेतली. १९८९ मध्ये ती उतरवण्यात आली आणि पुन्हा कोठेही उभारली गेली नाही. सेरा यांच्या भूमिकेशी मी सहमत आहे, जरी चौकातल्या लोकांची अडचणही खरी होती.

जिल्ह्याच्या ठिकाणी रेखाटने, छायाचित्रे, वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी आणि बेटाचा नकाशा यांचे प्रदर्शन जरूर भरवावे. नकाशावर त्या आठवड्यातील पाणीपातळी लिहावी. धरणाच्या कार्यालयात तिची रोजची नोंद असते.