इंजिन बंद पडलं तर छोटं विमान कुठं उतरवतात?

ताई, तुमची मुलगी बारावीनंतर बारामतीला विमान शिकायला जायचं म्हणते. तुमचा प्रश्न असा की त्या विमानाला इंजिन एकच, ते कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टीपासून लांब कुठंतरी बंद पडलं तर विमान खाली कोसळणार का? आणि नाही कोसळलं, तर आपल्याकडच्या एवढ्या उसात ते उतरणार कुठं? मी बरीच वर्षं हीच विमानं शिकवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान कोसळत नाही. पंख विमानाला पेलतात ते वेगामुळं, आणि नाक थोडं खाली ठेवलं की इंजिनाविनाही वेग टिकतो. घाट उतरताना न्यूट्रलमधली गाडी पळते तसंच. शिकाऊ सेसना १५२ साठी हा वेग ६० नॉट, म्हणजे ताशी साधारण ११० किमी. या वेगाला विमान एक फूट खाली येईस्तोवर आठ-नऊ फूट पुढं जातं. जमिनीपासून ३,००० फुटांवर असाल तर चार मिनिटांच्या आसपास वेळ आणि वारा शांत असेल तर साधारण ८ किमी अंतर हाताशी असतं. एक गोष्ट मात्र आमच्या भागात सतत ध्यानात ठेवावी लागते. उंचीचा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो आणि कोल्हापूरचा विमानतळच जवळपास २,००० फुटांवर आहे. काट्यावर ५,००० दिसलं तरी खरी उंची ३,०००च, आणि पन्हाळ्यावर असाल तर त्याहूनही कमी.

इंजिन गप्प झालं की आधी वेग सांभाळायचा, मग जागा हेरायची आणि तिकडं वळता वळता इंजिन का थांबलं ते बघायचं. इंधनाचा कॉक, मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण), ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कार्ब्युरेटर हीट. ही शेवटची कळ नवखी पोरं विसरतात. हवा दमट असली की बाहेर २० अंश असतानाही कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतं, आणि आपला पावसाळा तसाच दमट. वेळ उरला तर रेडिओच्या चालू फ्रिक्वेन्सीवर किंवा आणीबाणीच्या १२१.५ वर ‘मेडे’ ही संकटाची हाक द्यायची आणि ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आणीबाणीचा आकडा लावायचा. रेडिओवर बोलण्याच्या नादात जागा हातची गेली तर त्या बोलण्याचा काही उपयोग नाही.

आता उसाचं. तोडणी झालेलं रान मिळालं तर उत्तम, पण सऱ्यांच्या दिशेनं उतरायचं, आडवं कधीच नाही. आडवी सरी पुढचं चाक धरते आणि विमान उलथं होतं. वाळलं पाचट पसरलेलं असेल तर गरम एक्झॉस्टनं पेट घेण्याची भीती असते, आणि तोडणीची टोळी रानात असेल तर ते रान आपलं नव्हेच. त्यानंतर माझी पसंती मुरमाड माळाला. नदीकाठची काळी मळीची जमीन वरून गुळगुळीत दिसते, पण पावसाळ्यात तिच्यात चाकं रुततात. शिवाय नदीकाठी उपसा पंपांच्या विजेच्या तारा असतात. तार वरून दिसत नाही, खांब दिसतात. खांबांची रांग दिसली की तार आहेच असं धरायचं. उभ्या आडसाली उसात उतरायची वेळ आलीच तर उसाचा शेंडा हीच जमीन समजून, शक्य तितक्या कमी वेगात, नाक वर ठेवून टेकवायचं. विमान मोडेल, पण दाट ऊस वेग हळूहळू खातो, म्हणून झाड किंवा दगडी ताल यापेक्षा तो केव्हाही बरा.

‘हायवे आहे की’ असं बरेच जण म्हणतात. पुणे-बंगळूर रस्त्यावर दुभाजक, उड्डाणपूल, आडव्या तारा आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. खाली माणसं आहेत, आणि त्यांनी हा धोका पत्करलेला नाही. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार वरून सपाट दिसतं, पण जांभ्याचे दगड असतात आणि कड्याच्या आडोशाच्या बाजूला हवा खाली दाबते. उंची भरपूर असेल तरच तिकडं बघावं.

वाऱ्याची दिशा गुऱ्हाळाच्या नाहीतर कारखान्याच्या धुरावरून कळते. धूर नसेल तर रंकाळा किंवा कळंबा तलाव बघावा: ज्या काठाला पाणी शांत, त्या काठाकडून वारा येतोय. हे कळणं महत्त्वाचं आहे. ५० नॉटला टेकणारं विमान १० नॉट वाऱ्याच्या तोंडावर जमिनीच्या हिशेबानं ४० ला टेकतं, वारा पाठीशी असेल तर ६० ला. धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे इथं सव्वादोन पट. उलट, ताशी ८० किमीचा वेग एकसारखा उतरत गेला तर थांबायला ३ मीटरही पुरतात. तो दणका मोठाच असतो, पण खांद्याचा पट्टा घट्ट बांधलेला माणूस त्यातून वाचू शकतो.

माणसं जातात ती बहुतेक दुसऱ्याच कारणानं. निवडलेली जागा थोडी लांब वाटते, म्हणून नाक वर ओढलं जातं. त्यानं अंतर वाढत नाही, वेग मरतो, एक पंख ढळतो आणि विमान गिरकी घेत पडतं. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं, की मागं धावपट्टीकडं वळायचा मोहही तसाच घातक. त्या उंचीवर जवळपास नाकासमोर जे मिळेल तेच घ्यायचं. विमान वाचवायचा मोहही सोडायचा, माणूस वाचला पाहिजे. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडलं. विमानाची मोडतोड झाली, पण आत एकटी असलेली विद्यार्थिनी किरकोळ जखमांवर वाचली.

गावकऱ्यांसाठीही सांगतो. जवळ बिडी-सिगारेट नको, विमानाच्या पुढच्या पंख्याला (प्रोपेलरला) हात लावू नये, ११२ किंवा १०८ ला फोन करावा. माणसं बाहेर काढल्यावर अवशेष हलवू नयेत, तपास त्यांवरूनच होतो.

ताई, प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन विचारा: उड्डाणात थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी दांडी) मागं ओढून इंजिन बंद पडल्याचा सराव किती वेळा घेतात, एकटीला सोडण्याआधी तो पक्का करून घेतात का, रोज सकाळी टाकीच्या तळाचं इंधन काढून त्यात पाणी आहे का ते बघतात का, आणि प्रत्येक विमानात खांद्याचे पट्टे धड आहेत का. मुलीला सोबत न्या. हे प्रश्न तिलाच विचारू द्या.